औषधाचा शोध आणि औषधाची किंमत

एखाद्या संशोधनाचे मोल कशाने मोजावयाचे? त्याने वाचविलेल्या प्राणांनी, की बाजारात त्याला मिळणाऱ्या किमतीने? अमेरिकेतील रक्तकर्करोगतज्ज्ञ डॉ. ब्रायन ड्रकर यांची संशोधनातील वाटचाल पाहिली, की ही दोन मापे परस्परांपासून किती दूर जाऊ शकतात याची कल्पना येते.

‘क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया’ हा रक्ताचा कर्करोग प्रथम सावकाश वाढणारा, पण अखेरीस बहुधा प्राणघातक ठरणारा. या रोग्यांच्या पेशींत एक आखूड गुणसूत्र असते, हे १९६० साली फिलाडेल्फियात पीटर नॉवेल व डेव्हिड हंगरफर्ड यांनी दाखविले. नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झाल्याने असे घडते, हे १९७३ मध्ये शिकागोच्या जॅनेट राउली यांनी सिद्ध केले. या अदलाबदलीतून निर्माण होणारे विकृत प्रथिन पांढऱ्या पेशींना अखंड वाढत राहण्याचा आदेश देते, हेही पुढे स्पष्ट झाले.

हे एकच प्रथिन निष्प्रभ करता येईल काय, या प्रश्नाचा ड्रकर यांनी ध्यास घेतला. बॉस्टनमधील काही वर्षांच्या कामानंतर १९९३ साली ते ओरेगॉन राज्यातील पोर्टलंड येथे आले आणि स्वित्झर्लंडमधील सीबा-गायगी कंपनीचे शास्त्रज्ञ निकोलस लायडन यांच्याकडून त्यांनी काही संयुगे मागविली. त्यांपैकी एक संयुग निरोगी पेशींना फारशी इजा न करता रोगग्रस्त पेशी मारते, असे आढळले. तेच आजचे इमॅटिनिब. परंतु या रोगाचे अमेरिकेतील नवे रुग्ण त्या काळी वर्षाला पाच हजारांच्या आसपास. एवढ्या लहान बाजारपेठेसाठी मोठा खर्च करण्यास कंपनी उत्सुक नव्हती. १९९६ मध्ये विलीनीकरणातून नोव्हार्टिस ही कंपनी अस्तित्वात आल्यानंतरही ड्रकर यांना पाठपुरावा करीत राहावे लागला.

अखेर जून १९९८ मध्ये रुग्णांवरील चाचण्या सुरू झाल्या. पुरेशी मात्रा मिळालेल्या ५४ रुग्णांपैकी ५३ जणांच्या रक्तातील पेशींचे प्रमाण पूर्ववत झाले. मे २००१ मध्ये अमेरिकन शासनाने औषधास मान्यता दिली. पुढे एका मोठ्या चाचणीत पाच वर्षांनंतर ८९ टक्के रुग्ण हयात असल्याचे दिसून आले. २००९ साली ड्रकर, लायडन व चार्ल्स सॉयर्स यांना लास्कर पारितोषिक लाभले.

शास्त्राची कथा येथे संपते. अर्थशास्त्राची येथून सुरू होते. अमेरिकेत या औषधाचा वार्षिक खर्च २००१ साली सुमारे ३० हजार डॉलर होता. २०१२ पर्यंत तो ९२ हजारांवर गेला. औषध तेच, रोग तोच. उत्पादनाचा खर्च तिपटीने वाढला असे मात्र नव्हे. २०१३ साली या रोगाच्या शंभराहून अधिक तज्ज्ञांनी अशा किमतींविरुद्ध जाहीर लेख लिहिला. त्यांत स्वतः ड्रकर होते, ही बाब बोलकी आहे.

भारतात हाच प्रश्न पेटंटच्या रूपाने उभा राहिला. नोव्हार्टिसचे औषध महिन्याला सुमारे १ लाख २० हजार रुपयांना, तर भारतीय कंपन्यांचे तेच औषध आठ-दहा हजारांत. पेटंटला विरोध करणाऱ्यांत मुंबईची ‘कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन’ ही रुग्णसाहाय्य संस्था अग्रभागी होती. ज्ञात पदार्थाच्या नव्या रूपामुळे उपचाराची परिणामकारकता वाढत असल्याखेरीज पेटंट देता येत नाही, या तरतुदीच्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी कंपनीचे अपील फेटाळले.

संशोधनात जोखीम असते आणि ती पत्करणाऱ्यास मोबदला मिळावयास हवा, हे कोणी नाकारणार नाही. कंपनीने भारतातील अनेक रुग्णांना औषध विनामूल्य पुरविले, हेही नमूद केले पाहिजे. परंतु दान हा रास्त किमतीला पर्याय ठरू शकत नाही. शिवाय या औषधाचा पाया विद्यापीठांतील संशोधकांनी कित्येक दशके आधी, बव्हंशी सार्वजनिक पैशातून घातला होता. ज्या ज्ञानाची किंमत समाजाने एकदा मोजली आहे, त्याचीच किंमत रुग्णाने पुन्हा आपल्या प्राणांनी मोजावी काय? ड्रकर यांनी रोगावर इलाज शोधला. तो रोग्याच्या हाती पोहोचविण्याची व्यवस्था उभारणे हे प्रयोगशाळेचे नव्हे, शासनाचे व समाजाचे काम आहे.