पृष्ठभागावरचं चुंबकत्व आणि कोल्हापूरची धूळ

मंगळवार पेठेत मिरजकर तिकटीच्या आसपास, पहिला मोठा पाऊस ओसरला की रस्त्याच्या कडेला बारीक काळी रेती साचते. प्लॅस्टिकच्या पिशवीत चुंबक घालून ते या रेतीतून एकदा फिरवा. पिशवीच्या तळाला काळे कण चिकटून उभे राहतील. त्यातले बरेचसे सह्याद्रीच्या काळ्या पाषाणातून झिजून आलेले असतात, कारण बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट हे लोखंडाचं चुंबकीय ऑक्साइड असतंच. उरलेले माणसानं केलेले: गाड्यांच्या ब्रेकमधून झडलेले, वेल्डिंगचे, ग्राइंडरच्या ठिणग्यांतले. फौंड्रीच्या फेटलिंग शॉपमधून उडणारी प्रत्येक ठिणगी म्हणजे हवेत वितळलेला लोखंडाचा थेंब. थंड होताना तो गोल होतो, वरून ऑक्साइडचं कवच घेतो आणि वाऱ्याबरोबर निघतो. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव अशा औद्योगिक वसाहतींनी वेढलेल्या कोल्हापुरात असे कण किती असतील, ते सांगायला नको.

असल्याच कणांमुळे गेल्या पंचवीस वर्षांत पदार्थविज्ञानातला एक मोठा वाद पेटला आणि तो अजून पुरता विझलेला नाही. प्रश्न असा होता: जस्त, कथील, टायटॅनियम यांची ऑक्साइडं एरवी चुंबकाला दाद देत नाहीत. त्यांचा अतिशय पातळ थर दिला, तर तो चुंबकीय होतो का? झाला, तर ते चुंबकत्व येतं कुठून, थरातून की त्याला चिकटलेल्या असल्या कणांतून?

ऑक्साइडाचा चुंबकीय थर ही गोष्ट मुळात नवीन नाही. माळ्यावर जुन्या कॅसेट पडल्या असतील तर त्यातली तपकिरी फीत बघा. प्लॅस्टिकवर काही मायक्रोमीटर जाडीचा जो लेप आहे, तो गॅमा फेरिक ऑक्साइडच्या सुईसारख्या कणांचा. याचं रासायनिक सूत्र आणि लाल गंजातल्या हेमेटाइटचं सूत्र एकच, दोन लोखंड आणि तीन ऑक्सिजन. तरी एकावर गाणं साठवता येतं आणि दुसऱ्याला साधं चुंबक जवळजवळ ओळखत नाही. फरक फक्त अणूंच्या मांडणीचा. प्रत्येक लोहअणू स्वतः एक छोटं चुंबक असतो. शेजारच्या अणूंशी त्याचं कसं जमतं, यावर साऱ्या पदार्थाचं चुंबकत्व ठरतं. हेमेटाइटमध्ये निम्मे अणू एका दिशेला तोंड करून, निम्मे उलट दिशेला, म्हणून बेरीज जवळजवळ शून्य. गॅमा प्रकारात दोन बाजूंची संख्या सारखी नसते, म्हणून शिल्लक राहते. हा हिशेब फ्रान्सच्या लुई नेल यांनी 1948 मध्ये मांडला. त्यांना 1970 मध्ये नोबेल मिळालं.

पृष्ठभागाचं महत्त्वही नेल यांनीच दाखवलं. कोल्हापूरच्या खासबाग मैदानात कुस्त्या लावताना प्रत्येक मल्लाला तोलामोलाची जोड बघतात. स्फटिकाच्या आत प्रत्येक अणूला अशी जोड मिळालेली असते आणि सगळ्या कुस्त्या बरोबरीत सुटतात. पण काठावरच्या अणूला एका बाजूला शेजारीच नसतो. काही अणू बिनजोड राहतात आणि त्यांच्या चुंबकत्वाला उतारा मिळत नाही. हिऱ्याएवढ्या खड्यात असे काठावरचे अणू नगण्य असतात. पाच-सात नॅनोमीटरच्या कणात मात्र अणूंचा मोठा वाटा पृष्ठभागावरच असतो, म्हणून प्रतिलोहचुंबकीय, म्हणजे एरवी बेरीज शून्य असणारा, कणही थोडं चुंबकत्व दाखवू लागतो. नेल यांनी हे 1961 मध्ये सांगितलं. त्याच्या उलट बाजूही आहे. गॅमा फेरिक ऑक्साइडचे अतिबारीक कण अपेक्षेपेक्षा कमी चुंबकीय भरतात, कारण काठावरच्या अणूंची तोंडं वाकडी होतात. मायकेल कोई यांनी हे 1971 मध्ये प्रयोगानं दाखवलं. हे नाव लक्षात ठेवा.

याहून ठसठशीत पुरावा 1956 मधला आहे. माइकलजॉन आणि बीन यांनी कोबाल्टचे बारीक कण घेतले. त्यांच्यावर कोबाल्ट ऑक्साइडची साल होती. साल स्वतः बाहेर चुंबकत्व दाखवत नव्हती, पण आतल्या कोबाल्टला एका दिशेला धरून ठेवत होती. दिशा उलटवायला एका बाजूनं जास्त जोर लागायचा, दुसऱ्या बाजूनं कमी. ऑक्साइड आणि धातू जिथे भेटतात तिथल्या मोजक्या अणुथरांची ही पकड पुढे हार्ड डिस्कच्या वाचन-शीर्षात कामाला आली. पृष्ठभागाचं चुंबकत्व हा कल्पनाविलास नाही, याबद्दल तेव्हापासून कुणाला शंका नाही.

वाद झाला तो पुढच्या पायरीवर. डिटल आणि सहकाऱ्यांनी 2000 मध्ये गणित मांडलं, की झिंक ऑक्साइडमध्ये थोडं मँगनीज मिसळलं आणि वीजवाहक पुरेसे असले तर ते खोलीच्या तापमानालाही लोहचुंबकीय राहील. पुढच्याच वर्षी जपानमधल्या गटानं कोबाल्ट मिसळलेल्या टायटॅनियम ऑक्साइडच्या पारदर्शक थरात असं चुंबकत्व सापडल्याचं जाहीर केलं. पारदर्शक, अर्धवाहक आणि चुंबकीय असा तिहेरी पदार्थ मिळाला, तर विजेच्या भाराबरोबर इलेक्ट्रॉनच्या फिरकीवरही माहिती वाहून नेता येईल. जगभरच्या प्रयोगशाळा कामाला लागल्या.

यात एक ठळक नाव पुण्याचं आहे. पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागातले सतीशचंद्र ओगले तेव्हा अमेरिकेत मेरीलँडला होते. त्यांच्या गटानं लेझरचे झोत मारून कोबाल्टयुक्त टिन ऑक्साइडचे थर बनवले. 2003 मध्ये त्यांनी दर कोबाल्ट अणूमागे साडेसात बोर मॅग्नेटॉन इतकं प्रचंड चुंबकत्व नोंदवलं, तेही सुमारे 650 केल्व्हिनपर्यंत टिकणारं. शुद्ध कोबाल्ट धातूत एका अणूमागे हा आकडा साधारण 1.7 असतो. म्हणजे कोबाल्ट एकटा हे देऊ शकत नाही. आजूबाजूचं ऑक्साइड, त्यातल्या ऑक्सिजनच्या रिकाम्या जागा, काहीतरी हातभार लावत असणार.

मला ओगले यांच्या गटाबद्दल विशेष आदर वाटतो तो पुढच्या वर्षाच्या कामामुळे. मँगनीज-झिंक ऑक्साइडमधल्या चुंबकत्वाचा बराच बोलबाला झाला होता. दर्शन कुंदलिया, ओगले आणि सहकाऱ्यांनी 2004 मध्ये दाखवलं, की ते चुंबकत्व मँगनीज झिंक ऑक्साइडमध्ये नीट विरघळल्यामुळे येत नाही. आत तयार झालेल्या एका वेगळ्याच अस्थिर मिश्र ऑक्साइडमुळे ते येतं. त्याच सुमारास एस. आर. शिंदे यांच्यासह याच गटानं आणखी एक भक्कम समजला जाणारा पुरावा तपासला. 'असाधारण हॉल परिणाम' दिसला म्हणजे चुंबकत्व पदार्थाच्या अंगचं, असं मानलं जाई. कोबाल्टचे वेगळे गठ्ठे असलेल्या थरातही तो परिणाम दिसतो, असं त्यांनी दाखवून दिलं. स्वतःच्याच क्षेत्रातली आकर्षक निशाणी अशी काढून घेणं सोपं नसतं.

2004 मध्येच आयर्लंडमधून त्याहून मोठा धक्का आला. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमध्ये व्यंकटेशन, फिट्झजेराल्ड आणि तेच मायकेल कोई यांनी हाफ्नियम ऑक्साइडच्या पातळ थरात चुंबकत्व मोजलं. त्यात कोबाल्ट नाही, मँगनीज नाही. हाफ्नियम आणि ऑक्सिजन, दोन्हींच्या इलेक्ट्रॉनांच्या जोड्या पूर्ण. पाठ्यपुस्तकाप्रमाणे अशा पदार्थात चुंबकत्व येण्याचा मार्गच नाही. 2006 मध्ये बंगळूरहून सुंदरेसन आणि सी. एन. आर. राव यांच्या गटानं सांगितलं, की सिरियम, ॲल्युमिनियम, जस्त, इंडियम, कथील यांच्या ऑक्साइडांचे 7 ते 30 नॅनोमीटरचे कण लोहचुंबकीय दिसतात आणि तेच पदार्थ भाजून घट्ट केले की चुंबकत्व जातं. सगळी बोटं पृष्ठभागाकडे वळली.

पण मधल्या काळात, 2005 मध्ये, आयबीएमच्या अब्राहम, फ्रँक आणि गुहा यांनी हाफ्नियम ऑक्साइडचे स्वच्छ थर तपासले होते. चुंबकत्व मिळालं नाही. मग त्यांनी तोच नमुना स्टेनलेस स्टीलच्या चिमट्यानं उचलला. चुंबकत्व हजर झालं, आणि तेही इतरांनी छापलेल्या आकड्यांच्या जवळपासचं!

चिमट्यानं एवढं कसं होईल, हे कागदावर मांडून बघण्यासारखं आहे. पाच मिलिमीटर चौरस तुकड्यावर 100 नॅनोमीटर जाडीचा झिंक ऑक्साइडचा थर घ्या. थराचं वजन भरतं सुमारे 14 मायक्रोग्रॅम. खालचा अर्धा मिलिमीटरचा आधार जाडीनं त्याच्या पाच हजार पट. असे थर साधारणपणे एक दशलक्षांश ते एक लाखांश ईएमयू (चुंबकत्व मोजायचं एकक) एवढं चुंबकत्व दाखवतात. एक ग्रॅम लोखंड देतं 218 ईएमयू. म्हणजे एक लाखांश ईएमयूसाठी लोखंड पुरे 46 नॅनोग्रॅम. त्याचा एक गोळा केला तर व्यास 22 मायक्रोमीटर, डोळ्याला न दिसणारा. ग्राइंडरच्या ठिणगीतले कण याच मापाचे असतात. आमच्या पेठेतल्या रस्त्यावरचा एक कण नमुन्याच्या कडेला बसला, तर तो सगळ्या थराचा निकाल फिरवू शकतो.

आता याच गोष्टी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या नजरेतून बघा. 1962 मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागानं पातळ थरांच्या कामात मोठं नाव कमावलं. पी. एस. पाटील यांचा स्प्रे पायरोलिसिसवरचा 1999 मधला आढावा आणि पठाण-लोखंडे यांचा 'सिलार' पद्धतीवरचा 2004 मधला आढावा हे जगभरच्या संशोधकांच्या वापरातले लेख आहेत. इथलं मुख्य काम सौरघट, वायुसंवेदक, सुपरकॅपॅसिटर, रंग बदलणारी काच यांचं. त्याच विभागात फेराइटवर संशोधनाची जुनी परंपराही आहे. या पद्धतींचं मोठेपण असं, की कोट्यवधींचं निर्वात यंत्र लागत नाही. सिलारमध्ये चार बीकर ओळीनं मांडतात. काचपट्टी पहिल्यात बुडवली की धातूचे आयन चिकटतात. दुसऱ्यातल्या पाण्यात जास्तीचे धुतले जातात. तिसऱ्यात अभिक्रिया होते आणि चौथ्यात पुन्हा धुणं. असे फेरे करत थर चढत जातो. स्प्रेमध्ये धातूच्या क्षाराचं द्रावण काचेच्या नोझलमधून तुषार करून तापलेल्या काचेवर सोडतात. थेंब टेकताच त्याचं विघटन होतं आणि ऑक्साइड मागे राहतं. तालुक्याच्या गावातल्या महाविद्यालयातही हे जमतं. इथं शिकलेली कितीतरी मुलं याच कसबावर कोरियाला गेली.

सौरघटाला एखाद्या धूलिकणानं फरक पडत नाही. चुंबकत्वाला पडतो. साधी काचपट्टी कडेनं बघा, हिरवट दिसेल. तो रंग काचेतल्या लोखंडाचा. शिवाय तापणारी प्लेट बहुधा लोखंडी किंवा स्टीलची, बाटलीतल्या क्षारात दहा लाखात काही भाग लोखंड, काच कापायला पोलादी चाक. म्हणून हेच थर चुंबकत्वासाठी तपासायचे तर शिस्त वेगळी लागते. चिमटा प्लॅस्टिकचा किंवा टायटॅनियमचा हवा. पट्टी आम्लानं धुतलेली हवी. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एक कोरी पट्टी त्याच बीकरांतून, त्याच प्लेटवरून, त्याच हातांतून नेऊन तिचंही मोजमाप घेतलं पाहिजे.

इथे एक फसवी कसोटी सांगतो, कारण ती अनेक लेखांत पुरावा म्हणून येते. थर ऑक्सिजनमध्ये तापवला आणि चुंबकत्व गेलं, तर 'ऑक्सिजनच्या रिकाम्या जागा भरल्या, म्हणून गेलं' असा निष्कर्ष काढतात. तो खरा असू शकतो. पण लोखंडाचा कणही ऑक्सिजनमध्ये तापला की हेमेटाइट होतो आणि त्याचंही चुंबकत्व जवळजवळ जातं. दोन्ही कारणांचा निकाल सारखाच दिसतो. तसंच थर दुप्पट जाड केल्यावर चुंबकत्व तेवढंच राहिलं, तर ते पृष्ठभागाचं म्हणतात. हाताळणीतून लागलेली घाण तरी जाडीप्रमाणे कुठे वाढते? खात्रीचा रस्ता महाग आहे. सिंक्रोट्रॉनचे क्ष-किरण कोणत्या मूलद्रव्याचा अणू चुंबकीय आहे ते वेगळं काढून दाखवतात. ध्रुवित न्यूट्रॉनांचं परावर्तन थराच्या नेमक्या कोणत्या खोलीवर चुंबकत्व आहे ते सांगतं. त्याची सोय मुंबईत तुर्भ्याच्या 'ध्रुव' अणुभट्टीवर आहे.

मग आज खरं काय मानायचं? माझ्या मते, सगळंच घाणीचं म्हणून झटकून टाकणं चूक आहे. कोई यांनी स्वतः विषय सोडला नाही. 2016 मध्ये त्यांच्या गटानं सिरियम ऑक्साइडच्या नॅनोकणांवरचं काम छापलं. त्यात त्यांचं म्हणणं असं, की तिथला प्रतिसाद नेहमीच्या लोहचुंबकत्वासारखा नाही, तो कणांच्या समूहाचा एकत्रित प्रतिसाद आहे. ओगले यांनी 2010 च्या विस्तृत आढाव्यात मिश्रण, दोष आणि चुंबकत्व यांचा संबंध मांडला आहे. काठावरचे बिनजोड अणू, ऑक्सिजनच्या मोकळ्या जागा, तिथे अडकलेले इलेक्ट्रॉन या खऱ्या गोष्टी आहेत. पण 'अमुक ऑक्साइडचा शुद्ध थर खोलीच्या तापमानाला लोहचुंबकीय' हे विधान कोऱ्या पट्टीच्या आलेखाशिवाय आलं, तर मी ते मान्य करणार नाही.

कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडच्या महाविद्यालयांत या विषयावर प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थ्यांना एक विनंती आहे. आपल्या थराचा हिस्टेरिसिस लूप प्रबंधात लावाल तेव्हा शेजारी कोऱ्या पट्टीचा लूप त्याच मोजपट्टीवर लावा आणि चिमटा कशाचा होता तेही लिहा. कोऱ्या पट्टीचा आलेख सपाट निघाला तर तुमचा दावा भक्कम होईल. नाही निघाला, तरी तो तसाच छापा. पुढच्या बॅचला त्याचा उपयोग होईल.