तळ्यात मासे आपोआप येत नाहीत

लातूर जिल्ह्यात 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, कारण मांजरा धरण कोरडं पडलं होतं. त्याच पावसाळ्यात धरण भरलं. अशी कोरडी पडून भरलेली तळी याच जिल्ह्यातल्या चाकूर परिसराला नवीन नाहीत, आणि म्हणूनच ‘पाणी आलं की मासे आपोआप येतात’ हा समज इथे पक्का रुजला आहे. मासे पावसासोबत आभाळातून पडतात, असंही काही जण सांगतात. प्रत्यक्षात मरळीसारखा मासा हवेतूनही श्वास घेतो, त्यामुळे ओलसर चिखलात तो बरेच दिवस तग धरतो. उरलेले मासे ओढ्या-नाल्यांच्या डोहांत जगलेले असतात. पहिला पूर आला की ते प्रवाहाच्या उलट वर चढतात. उथळ, नव्याने भिजलेल्या जागी अंडी घातली जातात आणि पिल्लं पाण्याबरोबर खाली उतरतात. भरलेल्या तळ्यातले हे मासे म्हणजे कुठेतरी वाचलेल्या मोजक्या माशांची संतती असते.

यावर लगेच सांगितलं जातं की तलावात दरवर्षी बीज सोडतात, मग पुरात वर चढणारे, म्हणजे चढणीचे मासे धरले तर काय बिघडलं? बीज सोडतात हे खरं, पण ते मुख्यतः रोहू, कटला आणि मृगळ यांचं असतं. हे मासे तळ्यात वाढतात, मात्र साठलेल्या पाण्यात अंडी देत नाहीत. त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. हिरालाल चौधरी आणि के. एच. अलीकुन्ही यांनी 10 जुलै 1957 रोजी ओडिशात पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांचं प्रजनन यशस्वी केलं. तेव्हापासून मत्स्यजिरे (माशांची अगदी लहान पिल्लं) केंद्रात तयार करता येऊ लागले, आणि 10 जुलै हा राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन झाला. म्हणजे सोडलेलं बीज हे पेरलेलं पीक आहे, ते दरवर्षी पेरावं लागतं. मरळ आणि वाम यांच्यासारखे स्थानिक मासे मात्र आपली पुढची पिढी स्वतःच घडवतात. पहिल्या पावसाच्या आठवड्यात नाल्याच्या तोंडाशी आडवं जाळं लावलं, तर त्यांचा वर चढण्याचा मार्ग त्या वर्षापुरता बंद होतो. मत्स्यबीज केंद्रातून आणलेली बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) ती जागा भरून काढत नाही, कारण ती वेगळ्याच जातीची असते.

‘एका माशाच्या पोटात लाखो अंडी असतात, दोन-चार टोपल्या नेल्या तर फरक पडत नाही’ हा युक्तिवाद ऐकायला बिनतोड वाटतो. रोहूच्या मादीत वजनाच्या दर किलोला दोन-तीन लाख अंडी असतात, हे खरंच आहे. पण अंडी जास्त असतात ती पिल्लं क्वचितच जगतात म्हणून. शिवाय मरळ कमी अंडी घालते आणि नर-मादी आपल्या पिल्लांच्या थव्याची राखण करतात; ती जोडी धरली तर सारा थवा इतर माशांच्या तोंडी जातो. अंडी घालायला चढणारे किती मासे सोडायचे, याचा हिशोब इतरत्र ठेवला जातो. अलास्कात सामन मासा समुद्रातून नदीत अंडी घालायला चढतो, तेव्हा सरकारी कर्मचारी सोनार आणि बांध वापरून तो मोजतात. ठरलेल्या संख्येइतके मासे वर पोचत नसतील, तर भर हंगामात मासेमारी थांबवली जाते. गाईडच्या बोटीवर पैसे भरून आलेल्या पाहुण्यालाही हाच नियम लागू असतो. तिथे मासा विपुल आहे, तरीही मोजणी होते.

एक आक्षेप मात्र वजनदार आहे. गरिबाला पावसाळ्याच्या सुरुवातीला मिळणारं हे फुकटचं सकस अन्न आहे, आणि भोई समाजाचा त्यावर पिढ्यान्पिढ्यांचा हक्क आहे. तो हक्क मी मानतो. पण नाला पूर्ण अडवणं, विजेचा झटका देणं, पाण्यात ब्लीचिंग पावडर टाकणं, यांचा त्या परंपरेशी काही संबंध नाही. अशा प्रकारांचा पहिला फटका भोयांनाच बसतो. प्रवाहाचा एक काठ मोकळा ठेवून धरलेल्या माशांनी ताट भरतं आणि उरलेला मासा वर जातो. आमच्याकडच्या घरणी, तिरू किंवा मन्याड नदीच्या काठच्या गावांनी ठरवलं तर पहिल्या पुराचे काही दिवस एवढं करणं अवघड नाही.