सैनिकांच्या विधवा : आश्रय आणि हक्क

श्रोतेहो, महाड-पोलादपूरच्या बाजूला सावित्रीच्या खोऱ्यांत जीं गांवें आहेत, त्यांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसें फौजेंत गेलीं. महाड तालुक्यांतील एका आंबवडे गांवाला तर 'फौजी आंबवडे' असेंच नांव पडलें. पहिल्या महायुद्धांत त्या एका गांवांतून १११ जण गेले. त्यांपैकीं ६ जण परतले नाहींत. जो परतत नसे, त्याच्या बायकोचें पुढें काय होई?

प्रथम त्या फौजेचे धनी जे इंग्रज, त्यांच्या घरचा प्रकार पाहूं. व्हिक्टोरिया राणीच्या अमदानींत गोऱ्या शिपायाला लग्नासाठीं वरिष्ठांची परवानगी लागे, आणि ती शंभरांत सुमारें सहांनाच मिळे. बाकीच्यांच्या बायका सरकारच्या लेखीं नव्हत्याच. परवानगी असली तरी साध्या शिपायाच्या विधवेला सरकारी पेन्शन १९०१ पर्यंत नव्हती. सारा भार दानधर्मावर. १८५४ मध्यें क्रिमियाच्या युद्धाच्या वेळीं 'पेट्रिऑटिक फंड' निघाला व त्यांत दहा लक्ष पौंडांहून अधिक रक्कम जमली. त्यांतून विधवांना भत्ते मिळाले. लंडननजीक वाँड्सवर्थ येथें सैनिकांच्या ३०० पोरक्या मुलींसाठीं भव्य इमारत उठली. तिची कोनशिला १८५७ सालीं खुद्द राणीनें बसविली. किंग्स्टन येथें केंब्रिजच्या ड्यूकच्या स्मरणार्थ सैनिकांच्या विधवांसाठींच एक आश्रम निघाला. परंतु दान झालें म्हणजे दात्याच्या अटी आल्या. वर्तन चांगलें असल्याचा निर्वाळा हवा, शिस्त पाळावयास हवी. हक्काला असले दाखले लागत नाहींत.

आपल्याकडे याच्या उलट होतें. मोहिमेवर पडलेल्या देशी शिपायाच्या वारसाला कुटुंब-वेतन देण्याची तरतूद कंपनीच्या काळापासून होती. आश्रम मात्र नव्हता. पंडिता रमाबाईंचें शारदासदन १८८९ सालीं मुंबईंत, आणि कर्व्यांचा आश्रम १८९६ सालीं पुण्यांत निघाला. पण ते सैनिकांच्या विधवांसाठीं काढलेले नव्हते. खेड्यांतल्या बाईला आधार तो सासरच्या घराचा आणि त्या चार रुपड्यांचा.

तोहि आधार फौजेच्या भरतीवर टांगलेला होता. १८९२ च्या सुमारास सरकारनें महारांची भरती बंद केली. तेव्हां महाडनजीकच्या रावढळचे निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनीं १८९४ सालीं सरकारकडे पाठविण्यासाठीं विनंतिअर्ज तयार केला. वरवर पाहतां ती नोकरीची मागणी. पण नोकरी गेली म्हणजे पेन्शन गेली, आणि पेन्शनीबरोबर शिपायाच्या विधवेचें मीठभाकरहि गेलें. पहिल्या महायुद्धांत माणसांची निकड लागली, तेव्हां तें दार पुन्हां उघडलें. युद्ध संपल्यावर कांहीं वर्षांत पुन्हां मिटलें.

श्रोतेहो, स्मारकशिळेवर रणांत पडलेल्यांची संख्या कोरतात. मागें राहिलेल्यांची कोरीत नाहींत. म्हणून त्यांची तरतूद कोणाच्या दयेवर न सोडतां कायद्याच्या पानावर लिहून ठेवावी लागते.