दाबलं की बरं का वाटतं?

अकोल्याकडे कापूस वेचणीच्या दिवसांत कंबर मोडेस्तोवर वाकून घरी आलेलं म्हातारं माणूस सतरंजीवर पालथं पडतं आणि नातवाला हाक मारतं, "ये न बाबू, पाठीवर पाय दे जरासा." पोरगं भिंतीला हात टेकवून कण्याच्या दोन्ही अंगांनी, कणा चुकवत, पावलं टाकतं.  तिकडे आखाड्यातल्या पैलवानालाही मेहनतीनंतर अंग रगडून घ्यावंच लागतं.

जपानमध्ये याच दाबाला शिस्त लागली. तोकुजिरो नामिकोशी लहानपणी आईचे दुखरे सांधे दाबून देत. पुढे १९४० मध्ये त्यांनी या दाबण्याच्या पद्धतीची, म्हणजे शिआत्सूची, शाळाच काढली. यात तेल नाही, अंगावरचे कपडेही तसेच. जमिनीवरच्या गादीवर झोपवून अंगठ्याने वा तळव्याने अंगाचा भार हळूहळू टाकायचा, काही क्षण थांबायचं, सोडायचं.

पण कातडीखाली होतं काय? मज्जातंतूंच्या टोकाशी पिएझो-२ नावाचं प्रथिन असतं, तीन पात्यांच्या पंख्यासारखं. पेशीचं आवरण ताणलं की पाती सपाट होतात, मधलं छिद्र उघडतं, विद्युतभारित कण आत घुसतात आणि स्पर्शाचा संदेश निघतो! खोल दाबासाठी शरीरात आणखीही व्यवस्था आहे. हे प्रथिन शोधणाऱ्या अर्डेम पटापूशियन यांना २०२१ चं नोबेल विभागून मिळालं. त्याआधी १९६५ मध्ये मेलझॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी मांडलं होतं की स्पर्शाचे जाड, वेगवान तंतू मज्जारज्जूत वेदनेची वाट अडवतात. ठेच लागली की आपण अंगठा घट्ट धरतो, ते यासाठीच.

शिआत्सूवाले शरीरात 'की' नावाची ऊर्जा वाहते म्हणतात. तिच्या वाहिन्या शवविच्छेदनात कुणाला दिसलेल्या नाहीत. मला तर ते इवलंसं प्रथिनच जास्त अद्भुत वाटतं. आखडलेले स्नायू सैल होणं, मन निवणं, झोप लागणं, एवढा लाभ अनेकांना मिळतो. रोग बरा करण्याचे दावे मात्र पुराव्यावर टिकत नाहीत.

हाड मोडलेलं असेल, हाडं ठिसूळ असतील किंवा एकच पोटरी सुजून गरम झाली असेल, तर तिथे कुणाला हात लावू देऊ नका. आधी डॉक्टर गाठा.