एमएलएच्या आधी ‘ॲन’ का?

नागपुरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन भरलं की इंग्रजी बातम्यांत ‘ॲन एमएलए’ दिसतो आणि शेजारीच ‘अ मिनिस्टर’. दोन्ही शब्दांचं पहिलं अक्षर एकच, तरी उपपद वेगळं. कारण ‘अ’ की ‘ॲन’ हे लिहिलेलं अक्षर नव्हे, तोंडातून निघणारा उच्चार ठरवतो. एमएलएची सुरुवात ‘ए’ या स्वराने होते, मिनिस्टरची व्यंजनाने. म्हणूनच ‘ॲन ऑरेंज’, पण ‘अ युनिव्हर्सिटी’; ‘अ हॉटेल’, पण ‘ॲन अवर’. नियम पाठ करण्यापेक्षा शब्द मोठ्याने म्हणून पाहणं केव्हाही खात्रीचं.

‘द’चं काम निराळं.

अंबाझरी तलावाच्या काठी कुणी ‘आय सॉ अ डॉग’ म्हटलं, तर तो कुत्रा ऐकणाऱ्याला नवा असतो. पुढच्या वाक्यात तोच ‘द डॉग’ होतो, कारण आता तो दोघांना ठाऊक झालेला असतो. मराठीत ‘एक’ किंवा ‘तो’ गाळला तरी चालून जातं. इंग्रजीत वाक्य लंगडतं.

खरी कसोटी विशेषनामांत लागते. नागपूर, विदर्भ यांना ‘द’ लागत नाही. नदीला लागतो: ‘द नाग’, ‘द कन्हान’. तलावाला नाही: ‘फुटाळा लेक’. १९११ साली सुरू झालेल्या नागपूरच्या इंग्रजी वृत्तपत्राचं नाव मात्र ‘द हितवाद’. तिथे ‘द’ नावाचाच भाग आहे.