लंगोट बरा की डायपर?

बाळाला लंगोट बांधावा की डायपर, हा प्रश्न तरुण आया दवाखान्यात हमखास विचारतात. पर्यावरणाच्या दृष्टीने त्याचे उत्तर वाटते तितके सरळ नाही.

डायपरचे बाहेरचे आवरण प्लॅस्टिकचे असते. आत लाकडाचा लगदा आणि ओल शोषून फुगणारी रासायनिक पूड असते. दिवसाला पाच धरले तरी वर्षाला १,८२५ डायपर होतात. त्यातले प्लॅस्टिक कुजत नाही.

मग लंगोट निर्दोष का? ब्रिटनमध्ये २००८ साली सरकारी अहवाल प्रसिद्ध झाला. अडीच वर्षांत एका बाळामागे होणारे हवेचे नुकसान त्यात मोजले होते. डायपरचा भार सुमारे ५५० किलो कार्बन डायऑक्साइडइतका, तर कापडाचा ५७० किलो भरला! कारण तिकडचे गरम पाणी आणि वाळवण्याचे यंत्र. तेच कापड यंत्र पूर्ण भरून धुतले, बाहेर दोरीवर वाळवले आणि पुढच्या बाळालाही वापरले, तर भार ४० टक्क्यांनी घटतो. आपल्या आज्या जुन्या धोतराचे लंगोट शिवून याहून अधिक करीत होत्या.

मात्र आपला खरा प्रश्न पाण्याचा आहे. 'लहान बाळाची शी, तिचे काय एवढे!' हा समज चुकीचा आहे. अतिसाराचे जंतू तिच्यातूनही पसरतात. शीचे लंगोट उघड्या गटारीवर धुतले किंवा डायपर जयंती नाल्यात टाकला, तर ती घाण शेवटी पंचगंगेलाच मिळते. २०१२ मध्ये खालच्या अंगाला इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली. अशा साथी विष्ठेने दूषित झालेल्या पाण्यातूनच पसरतात.

तेव्हा एवढे करा. घरी लंगोट, प्रवासात किंवा रात्री गरजेपुरता डायपर. दोन्हींतली शी आधी संडासात टाका. लंगोट साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवा. डायपर संडासात टाकू नये. तो फुगून नळ तुंबतो. कागदात घट्ट गुंडाळून, खूण करून घंटागाडीत वेगळा द्यावा. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ही जबाबदारी घरच्यांवरच टाकली. कचरा उचलणाऱ्याचेही हात आपल्यासारखेच असतात. आणि लंगोट असो वा डायपर, बदलल्यावर स्वतःचे हात साबणाने धुवायला विसरू नका.