दुसऱ्या शनिवारची बँक

बँकेच्या नोकरीत छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाचं आयुष्य सुट्ट्यांच्या यादीवर बेतलेलं असतं. सप्टेंबर २०१५ पासून दुसरा आणि चौथा शनिवार बँकांना सुट्टी मिळू लागली, तेव्हा मी ते शनिवार लगेच वाटून टाकले. चौथा कादंबरीच्या पानांना, दुसरा आमच्या वाचक मंडळाला. जुन्या नाण्यांचा आणि नोटांचा छंद उरल्यासुरल्या रात्रींवर भागवत असे. ही घडी ८ नोव्हेंबर २०१६ पासूनच्या पाच दिवसांत पार विस्कटली.

त्या मंगळवारी पु. ल. देशपांड्यांचा जन्मदिवस होता. शनिवारी मंडळात त्यांच्यावर मी बोलायचं ठरलं होतं. टिपणं काढत बसलो असताना रात्री आठ वाजता पंतप्रधान दूरचित्रवाणीवर आले आणि पाचशे-हजारच्या नोटा मध्यरात्रीपासून बाद झाल्या. चलनातल्या एकूण रकमेपैकी सुमारे ८६ टक्के रक्कम या दोन नोटांत होती. टिपणांची वही मिटली ती मिटलीच.

बुधवारी बँका ग्राहकांसाठी बंद होत्या, आम्ही मात्र आत होतो. दुपारपर्यंत अमेरिकेत ट्रम्प निवडून आल्याचं कळलं. एरवी शाखेत दिवसभर तोच विषय चघळला गेला असता. त्या दिवशी जो तो शंभराच्या नोटांची बंडलं मोजत होता.

गुरुवारी शटर वर गेलं तेव्हा रांग कोपऱ्यावरून वळली होती. ओळखपत्र दाखवून चार हजार रुपये बदलून मिळत. खात्यातून दिवसाला दहा हजार आणि आठवड्याला वीस हजार काढता येत. जुन्या नोटा भरायच्या तर खात्यात भराव्या लागत. नवी दोन हजारची नोट घेऊन माणूस बाहेर पडायचा आणि सुट्टे मागायला पुन्हा आत यायचा. तिचा आकार निराळा असल्याने एटीएम यंत्रांतही ती बसत नव्हती.

छंदामुळे मला मागची उदाहरणं ठाऊक होती. १९४६ आणि १९७८ मध्येही मोठ्या नोटा बाद झाल्या होत्या. १९७८ मध्ये तर हजार, पाच हजार आणि दहा हजारच्या. तशा नोटा सामान्य माणसाने जन्मात पाहिल्या नव्हत्या. या वेळी मात्र पाचशेची नोट भाजीवालीच्या कनवटीलाही होती.

शुक्रवारपासून रांगेत बायका वाढल्या. चार घड्या घातलेल्या, हळद-हिंगाचा वास लागलेल्या नोटा काउंटरवर येऊ लागल्या. घरखर्चातून वाचवलेले, भावाने भाऊबीजेला घातलेले, मुलीच्या बाळंतपणासाठी राखलेले पैसे. नोकरीला लागताना गोपनीयतेच्या कागदावर सही केलेली असल्याने ओळख पटेल असं काही लिहीत नाही. पण पन्नाशीच्या एक बाई आठवतात. जवळ तेवीस हजार आणि खातं नवऱ्याबरोबर संयुक्त. त्यात भरले की पासबुकात दिसणार. बाईंच्या एकटीच्या नावाने नवं खातं उघडून दिलं. फॉर्मवर सही करून त्यांनी हळूच विचारलं, "साहेब, पासबुक इथंच ठेवलं तर चालेल का? घरी नको."

ग्राहकाचं पासबुक शाखेत ठेवून घ्यायचं नाही, हा नियम. मी नाही म्हटलं. मागे दीडशे माणसं उभी होती.

शनिवारी, १२ तारखेला, दुसरा शनिवार असूनही बँका उघड्या होत्या. मंडळात पोचलो तेव्हा साडेआठ वाजले होते. पु. ल. बाजूला राहिले होते. काळा पैसा किती बाहेर येणार, यावर दोन तट पडून आवाज चढले होते. निर्णयाच्या बाजूने सगळ्यात जोरात बोलणाऱ्या सदस्याची पत्नी जिन्यात मला गाठून म्हणाली, "भाऊजी, तुमच्याकडे गर्दी कधी कमी असते हो?" मी म्हटलं, "सकाळी लवकर या, वहिनी." त्यापुढे दोघांनाही काही बोलायची गरज वाटली नाही.

पुढे हिशेब झाले. बाद झालेल्या १५.४१ लाख कोटींपैकी ९९.३ टक्के रक्कम परत आल्याचं रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये सांगितलं. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी तो निर्णय वैध ठरवला, आणि त्याच वर्षी मे महिन्यात दोन हजारची नोट चलनातून मागे घेण्याची घोषणा झाली. २०१७ च्या कायद्याने बाद नोटा दहापेक्षा जास्त बाळगायला बंदी घातली, पण अभ्यासाला आणि संग्रहाला पंचवीसपर्यंत सूट ठेवली. आमच्यासारख्या छंदिष्टांची एवढी काळजी कायद्याने घेतली. डब्यात पैसे ठेवणाऱ्या बाईला आपल्याच घरात ते का लपवावे लागतात, हा प्रश्न मात्र कोणत्याच हिशेबात आला नाही. तो सरकारने सोडवावा असंही मी म्हणणार नाही. तो आपल्या घरांचा आहे, आणि मंडळात तावातावाने बोलणाऱ्या आम्हा पुरुषांचा आहे.

त्या बाई मी निवृत्त होईपर्यंत महिन्याकाठी दोनशे-तीनशे रुपये भरायला येत राहिल्या. पासबुक कुठे ठेवता, असं एकदा विचारलं. "शेजारणीच्या तांदळाच्या डब्यात," त्या म्हणाल्या. "तिचं माझ्याकडे असतं."